बाबा, क्राऊनचं ऑइल बदललंय, आता गाडीखाली जायचं नाही

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "हं हं, बघू" करून फोन आईकडं देतात आणि आई लगेच जेवलीस का विचारते, म्हणून लिहायलेय. आई तू मोठ्यानं वाच, बाबांना चष्मा सापडायचा नाही.

तर बाबा, तुमच्या यात्रेसाठी घरासारखी केलेली जी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, तिच्या मागच्या क्राऊनचं ऑइल बदलून झालंय. (आई, क्राऊन म्हणजे मागच्या एक्सलमधलं मोठं दातेरी चाक, इंजिनची ताकद त्यातनं चाकांना जाते.) गाडी अंबाजोगाईला पाठवायच्या आधी इथंच संभाजीनगरला करून घेतलं. मला माहितीये तुम्ही डेपोतले जुने पाने काढून, रॉकेलनं पुसून, पडवीत गोणपाटावर मांडून ठेवलेत आणि गाडी दारात आली की पहिलं काम तेच असं ठरवून बसलात. पण टेम्पो ट्रॅव्हलरच्या खाली पाठीवर झोपून, मान उचलून, हात वर करून बोल्ट सोडायचा म्हणजे काय असतं ते तुमच्याइतकं कुणाला माहिती, आणि मणक्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते पण तुम्हाला माहितीये. आईला सगळं सांगितलं नाही तुम्ही. (आई, इथंच थांबून भांडू नको, पुढं वाच.) तुम्हाला जमणार नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्या गॅरेजमधल्या पोरांपेक्षा तुम्ही आजही चांगलं केलं असतं, फक्त नंतर पलंगावर पडून राहिला असतात आणि दत्तजयंतीला माहूर राहून गेलं असतं, तुळजापूरचं राहिलं तसं. ते परत नको.

आता तुम्ही म्हणणार १४० नंबर टाकलंस ना. नाही टाकलं. त्याहून पातळ ८०डब्ल्यू-९० टाकलंय, जीएल-५ म्हणजे जास्त दाब सोसणारं. रागावू नका, आधी ऐका.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे, जड गाडी, आपल्याकडचं ऊन, घाट, म्हणून जाड ऑइल. ते चूक नाहीये. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, बरंचसं वजन मागच्या एक्सलवरच येतं. पण गाडीच्या पुस्तकात ८०डब्ल्यू-९० लिहिलंय आणि तुम्हीच म्हणायचात की आधी पुस्तक, मग उस्ताद. जाड ऑइल क्राऊनला घुसळत बसावं लागतं, त्यात ताकद जाते, डिझेल जातं आणि घुसळून घुसळून ऑइल स्वतःच तापतं. मे महिन्यात ४३ डिग्रीत भरलेली गाडी दिवसभर ओढायची असली, आणि पुस्तकात चालतं म्हणून लिहिलेलं असलं, तर ८५डब्ल्यू-१४० चा विचार करू. तुम्ही निघणार मार्गशीर्षात, पहाटे, परभणीकडं तेव्हा चांगली हुडहुडी असते, आणि तुम्ही पन्नासच्या वर गाडी नेऊ देणार नाही. बाळू तर उलटंच म्हणत होता, इंजिनात १५डब्ल्यू-४० आणि मागं ९०, म्हणजे दुप्पट जाड झालं की. त्याला सांगितलं बाबा रे गिअर ऑइलच्या नंबरांची पट्टी वेगळी असते, ९० चं गिअर ऑइल तापल्यावर साधारण इंजिनच्या ४०-५० नंबरच्या ऑइलएवढंच जाड असतं. पटलं नाही त्याला. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतो.

दुकानदार ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक घ्या म्हणून मागं लागला होता. ते उष्णता जास्त सोसतं, टिकतं पण जास्त, खोटं नव्हता सांगत. पण ते ७५डब्ल्यू उणे ४० च्या थंडीसाठी असतं, साधं ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत चालतं, आता अंबाजोगाईत उणे २६ कुठून आणायचं. शिवाय गाडी जुनी, आधीच्या मालकानं आत काय भरलं होतं कुठं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी ठरवलं की पहिलं ऑइल साधं टाकायचं, थोडं फिरवून लवकर काढायचं आणि त्यात काय निघतंय ते बघायचं. महागाचं असलं की लवकर काढायला जीव होत नाही. तुमचा तर नाहीच होणार.

आणि एकच डबा गिअरबॉक्सला पण अन् क्राऊनला पण, ही तुमची जुनी सवय या गाडीला नको. क्राऊनमधे पिनियन (क्राऊनला फिरवणारं छोटं दातेरी चाक) मधोमध नाही, खाली सरकून बसलेला असतो, त्यामुळं दात एकमेकांवर घासत सरकतात आणि त्या दाबाखाली साधं ऑइल फाटतं, तिथं गंधक-फॉस्फरसवालं जीएल-५ च लागतं. (तोच तो घाण वास, ज्याच्यापायी आई तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.) पण तेच गिअरबॉक्समधे गेलं तर सिंक्रोनायझरच्या (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) पितळी रिंगा खाऊ शकतं, म्हणून गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलंय. उरलेला डबा मी गाडीत ठेवलाच नाही, उगं मोह नको. लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून असते ती रचना) वगैरे काही नाही या गाडीला, साधा डिफरन्शियल आहे, त्यामुळं वेगळं फ्रिक्शन मॉडिफायर टाकायची भानगड नव्हती.

काम माझ्या डोळ्यासमोर झालं, अर्धी रजा टाकून खड्ड्याच्या काठावर स्टूल घेऊन बसले होते. गाडी आधी शेंद्र्यापर्यंत फिरवून आणायला लावली, ऑइल गरम असलं की गाळ घेऊन निघतं. मग तो पोरगा सरळ खालचा ड्रेन बोल्टच सोडायला निघाला. म्हणलं थांब, आधी वरचा भरायचा सोड. असं बघितलं त्यानं माझ्याकडं! अरे वरचा गंजून अडकला आणि खालून सगळं काढून टाकलं तर भरणार कुठून, गाडी खड्ड्यातच राहायची ना. बाबा, हे मला कुणी शिकवलं? बालवाडीत होते तेव्हा, आकडे ओळखायला पण तिथंच लागले. गाडीखालून तुमचा नुसता हात बाहेर यायचा, "सतरा," आणि मी एकोणीसचा पाना ठेवायचे, तो हात आत जायचा आणि परत बाहेर यायचा, "आकडा वाच बेटा." एकदा पण ओरडला नाहीत. खिशात माझ्यासाठी लिमलेटची गोळी असायची, तिला पण ऑइलचा वास यायचा, मला वाटायचं लिमलेट असंच लागतं. आई फ्रॉकवरचे डाग बघून तुम्हा-मला दोघांना एकाच सुरात बोलायची आणि तुम्ही मागं उभे राहून हळूच हसायचात. जाऊ दे. नाहीतर पत्र संपायचं नाही.

निघालं ते काळंकुट्ट. चुंबकाच्या बोल्टवर राखाडी लेप होता, बोटांत चोळून बघितला, काजळासारखा मऊ, त्यात कण नाही, दाताचा तुकडा नाही. ऑइल दुधाळ पण नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं असणार.

एक मात्र निघालं. पिनियनच्या सीलला ओल होती आणि एक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छोटं तोंड) चिखलानं पार बुजलेला. त्याच्या बरोबर वर मोरीच्या सांडपाण्याचा पाईप सोडला होता, ज्यानं आतलं लाकूडकाम केलं त्याला खाली वाकून बघावंसं वाटलं नसावं. ब्रीदर बंद असला की एक्सल तापल्यावर आतली हवा जाणार कुठं, ती ऑइललाच सीलातून बाहेर ढकलते, आणि चाकाकडच्या सीलातून आलं तर सरळ ब्रेकच्या लायनरवर. माहूरच्या घाटात ते कुणाला पाहिजे. ब्रीदर साफ केला, फुंकून बघितला, पाईप मागं वळवून घेतला. सील मात्र आत्ता बदललं नाही. त्यासाठी पिनियनचा नट उघडायचा म्हणजे बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे त्यावरचा ठराविक ताण, परत नीट बसवायचा, ते घाईत कुणी केलेलं मला नको होतं, आणि ब्रीदर मोकळा झाल्यावर ओल थांबते का ते आधी बघू असं त्या उस्तादचं पण म्हणणं पडलं. तुमचं काय मत? हे खरंच विचारायलेय.

भरताना गाडी सपाट उभी होती, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत आलं आणि ओघळायला लागलं की बंद. जास्त कोंबलं तर फेस होतो. दोन्ही बोल्टांना वॉशर नवीन. जुनं ऑइल गॅरेजच्या पिंपात गेलं, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी पाहिजे होतं म्हणाल म्हणून आधीच सांगते, विहीर जवळ आहे, नको.

आई, तुझं. कमोड उंच बसवलाय, उठायला दोन्ही बाजूंनी दांडे आहेत, दार आतून लागतं आणि बाहेर काही ऐकू येत नाही, मी बाळूला बाहेर उभं करून तपासलंय, हसू नको. आता वाटेत पाणी न पिता बसायचं नाही. ओटा परात मावेल एवढा रुंद करून घेतला, भाकरी तुला थापायचीच असती हे मला ठाऊक आहे. चहाचं पातेलं, गाळणी, छोटा फ्रीज, मच्छरदाणी, सगळं आहे. गादी आपल्या घरचीच कापसाची, पिंजून आणलीय, फोमच्या गादीवर तुला झोप लागत नाही. देवाला ड्रायव्हरच्या मागं छोटा कोनाडा केलाय पण निरांजन चालत्या गाडीत लावायचं नाही, थांबल्यावर लाव, आणि गॅस बंद आहे का बघूनच गाडी हलवायची.

बाबा, गाडीखाली सरकायची तुमची ती चाकांची फळी सापडत नसंल तर शोधू नका, माझ्याकडं आहे. दिवाळीहून येताना आणली. आईला माहिती होतं. फेकणार नाही, विकणार नाही, इथं गॅलरीत नीट पुसून उभी केलीय. तुमची आहे ती, पण सध्या इथंच राहू द्या.

आता करायचं काय ते ऐका. परळीच्या पुढं एखाद्या सपाट जागी थांबून मोबाईल गाडीखाली धरायचा आणि एक्सलचा फोटो काढायचा, वाकायचं नाही, सोबतच्या ड्रायव्हर पोराला काढू द्या. एक्सलच्या हौजिंगला (बाहेरच्या लोखंडी कवचाला) हात लावू नका, गरम असतंच ते. कान मात्र तुमचे लागतील. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलणारी घूंऽऽ आली तर ती क्राऊनची, आणि वळणावर गाडी एका अंगाला झुकली की आवाज बदलत असेल तर आधी चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या, हे त्या पोराला समजणार नाही, तुम्हाला समजंल. थेंब पडलेला दिसला, किंवा ब्रेकला वास आला, तर घाट चढायचाच नाही, नांदेडला थांबायचं, किनवट-माहूरकडं पुढं निघायचं नाही. देवी वाट बघंल.

आणि हो, घाटात गाडी तो पोरगा चालवील. बाहेरचा नाही, तुमच्या हाताखाली डेपोत शिकलेला परळीचा, "साहेबांनी नुसतं शेजारी बसावं" असं त्यानंच म्हणलंय. सपाटीला तुम्ही चालवा, वसमतपर्यंत चालवा पाहिजे तर, मी कुठं नाही म्हणतेय. मला तुमच्यासोबत यायचं होतं, मार्च एन्ड नसला तरी आमच्याकडं डिसेंबरात पण ऑडिट असतं, तुम्हाला सांगून काय उपयोग, तुम्ही म्हणणार ये तू तुझ्या सवडीनं, आणि ते जास्त लागतं.

सकाळच्या गोळ्या ओट्याखालच्या पहिल्या खणात, रात्रीच्या दुसऱ्या, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. गुडघ्याचं तेल आणि ब्रेक ऑइल एका कप्प्यात ठेवू नका, दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात. दर दोन तासांनी उतरून चालायचं, दोघांनी. औंढा नागनाथला पोचलात की मला फोटो पाठवा. एक्सलचा आधी, देवळाचा नंतर.

तुमची
सोनी