पहिलटकरणीची अंडी उबवायला ठेवू नका

महोदय,

पावसाळ्यात निघालेल्या गावरान तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, संक्रांतीच्या आगेमागे अंडी द्यायला लागतात. आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत या पंधरवड्यात तीन घरांतून मला एकच प्रश्न आला : ‘काकाजी, आमच्या कोंबडीनं पहिलं अंडं दिलं, आता पिल्लं कधी काढायची?’ त्यांना जे सांगितलं तेच आपल्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र.

पहिली अंडी खा. उबवायला ठेवू नका.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एसटीतून निवृत्त झाल्यावर चार तलंगा आणि एक कोंबडा पाळला. त्यातल्या तांबडीनं एप्रिलमध्ये पहिलं अंडं दिलं, तेव्हा नातीनं ते ओंजळीत धरून अख्ख्या गल्लीला दाखवलं. घरच्या वजनकाट्यावर ते २८ ग्रॅम भरलं. शेजारच्या आजीबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, ‘पहिलटकरीण हाय ते. तिची अंडी नोका ठेवू, पिल्लं तगत नाही.’ मी ऐकलं नाही. बारा अंडी साठवली आणि तांबडी खुडूक बसल्याबरोबर, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसू लागल्याबरोबर, ऐन मे महिन्यात, तिच्याखाली ठेवली.

एकविसाव्या दिवशी दोनच अंड्यांना तडा गेला. एक पिल्लू कसंबसं बाहेर आलं, पण त्याचे पाय दोन बाजूंना फाकलेले; ते उभंच राहू शकलं नाही आणि तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं आतून चिवचिवत होतं. नातीला धीर निघेना. ‘आबाजी, त्याला काढा ना,’ म्हणून तिनं रड मांडली आणि मी नखानं कवच सोलायला घेतलं. कवचाखालच्या पापुद्र्यातून रक्त आलं. त्या शिरा अजून आत ओढल्या गेल्या नव्हत्या. चोच मारल्यापासून पिल्लू पुरतं बाहेर यायला एक अख्खा दिवसही लागतो, तेवढा तो त्याला द्यायचा असतो. ते पिल्लू माझ्या तळहातावर गेलं. नात दोन दिवस कोंबड्यांकडे फिरकली नाही.

आजीबाईंचं म्हणणं खरं का, ते नंतर उमगलं. पिल्लाचं वजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश असतं. २८ ग्रॅमच्या अंड्यातून वीस ग्रॅमचंही पिल्लू निघत नाही. त्या अंड्यात बलक लहान, आणि पिल्लाची एकवीस दिवसांची शिदोरी म्हणजे मुख्यतः तो बलकच. शिवाय तलंगेच्या सुरुवातीच्या अंड्यांचं कवच कधी मऊ, कधी वेडंवाकडं. दुसरी चूक उन्हाळ्याची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. साठवलेलं अंडं अशा खोलीत पडून राहिलं की कोंबडी बसण्याआधीच आतला जीव अर्धवट वाढू लागतो आणि मरतो.

पुढे त्याच तांबडीची अंडी दिवाळीनंतर ४२ ग्रॅमवर आली. या वेळी चारही कोंबड्यांची मिळून सात दिवसांच्या आतली दहाच घेतली. धुतली नाहीत, कारण धुतल्यानं कवचावरचं संरक्षण जातं. पेन्सिलीनं तारीख टाकून, निमुळतं टोक खाली करून माठाशेजारी गारव्याला ठेवली. टोपल्यात राख, वर तणस, त्यात उवांसाठी कडुनिंबाचा पाला. रात्री अंधारात तांबडीला अलगद बसवलं. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं खायला, पाण्याला उठायची. तेवढ्यानं अंडी गार पडतील म्हणून घाबरायचं नसतं. सातव्या रात्री नातीनं मोबाइलचा टॉर्च लावून एकेक अंडं पाहिलं. आत लाल तंतूंचं जाळं आणि मधोमध हलणारा काळा ठिपका! एक अंडं कोरं निघालं, ते काढून टाकलं. नवांतून आठ पिल्लं निघाली आणि या वेळी आम्ही एकाही कवचाला हात लावला नाही.

इतकं होऊनही त्या आठांतली सहा महिन्याभरात गेली. हिरवी विष्ठा, मग मान उलटी पिळलेली. मानमोडी, म्हणजे राणीखेत. यावर लस आहे, पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब टाकायचा. मी ती घ्यायला गेलोही होतो. दुकानात बाटली मिळत होती, पण शंभर पक्ष्यांची, बर्फात ठेवून न्यायची आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवायची. आठ पिल्लांसाठी शंभराची बाटली घेऊन ब्याण्णव थेंब फेकायचे, हे माझ्या हातून झालं नाही. मी परत फिरलो. आज वाटतं, फेकायला हवे होते. पण दहा-पाच कोंबड्या पाळणाऱ्या किती बाया असा खर्च करतील? त्यांच्याकडे पिल्लं मरतात ती दुर्लक्षानं नाही, बाटली मोठी म्हणून.

नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. त्यांनी आठवड्यातला एक वार आणि एक तास ठरवून जाहीर करावा. त्या वेळी वस्तीतल्या सगळ्यांनी आपापली पिल्लं टोपल्यात घेऊन यावं, एक बाटली फोडावी आणि ज्याचे जितके थेंब तितके पैसे त्यानं द्यावेत. यात नव्या योजनेची गरज नाही आणि वेगळ्या निधीचीही नाही.

आमच्या गल्लीत चार घरांत मिळून या घडीला एकतीस पिल्लं आहेत आणि त्यातली अकरा परवाच निघालेली आहेत. बर्फाचा डबा मी आणतो. वार तेवढा कळवावा.

— एक निवृत्त एसटी वाहक, हुडकेश्वर, नागपूर