युद्धकाळातलं नाशिक माळ्यावरून रद्दीत जाऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या नाशकातला आमचा वाडा गेल्या महिन्यात पाडायला काढला. माळा उतरवताना आजोबांच्या किराणा दुकानाच्या दोन खतावण्या हाती लागल्या, संवत १९९८ आणि संवत २००० च्या. म्हणजे १९४१ च्या दिवाळीपासूनची एक आणि १९४३ च्या दिवाळीपासूनची दुसरी, दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या. बाकीची दोन पोती मी पोहोचण्याआधीच रद्दीवाल्याने नेली होती. त्यात काय होतं ते आता कधीच कळणार नाही, आणि ही चुटपुट मनातून जात नाही.

पहिल्या वहीत फाल्गुनापर्यंत जागोजागी 'रंगून तांदूळ' आहे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. पुढच्या पानांवर तो शब्द पुन्हा दिसत नाही. दुसऱ्या वहीत वडिलांचं शाळकरी, बाळबोध अक्षर आहे: 'घासलेट अर्धी बाटली', 'साखर कार्डावर', आणि एका पानावर तीनदा, 'मोड नाही, पोष्टाचं तिकीट दिलं'. त्या काळात सुट्ट्या नाण्यांची एवढी चणचण होती की सरकारने १९४३ मध्ये तांबं वाचवायला मधे भोक असलेला पैसा काढला. तोही पुरेना, तेव्हा दुकानदार मोड म्हणून टपालाची तिकिटं देत. ही तिकिटं १९२६ पासून आपल्याच नाशिकरोडच्या छापखान्यात छापली जात. तिथून निघालेलं तिकीट आजोबांच्या गल्ल्यातून कुणा बाईच्या पदराच्या गाठीत गेलं असेल. ही ओळ वाचल्यावर मी बराच वेळ वही मिटली नाही.

या वह्या मी एका संस्थेत दाखवायला नेल्या. 'पेशवाईतलं काही आहे का?' एवढंच विचारलं गेलं. पेशवाईचे कागद जपलेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वीची घासलेटची रांग हा इतिहास नव्हे, असं कुणी ठरवलं? मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सोल्जरांमुळे 'डूलाली', म्हणजे डोकं फिरलेला, हा शब्द इंग्रजी कोशात जाऊन बसला. त्यांच्या आठवणी विलायतेत नीट जपलेल्या आहेत. बीबीसीने २००३ ते २००६ या काळात सामान्य माणसांकडून युद्धकाळाच्या सुमारे ४७ हजार हकिगती गोळा केल्या. छावणीच्या आसपास राहणाऱ्या आपल्या माणसांनी ती वर्षं कशी काढली, हे सांगणारे कागद मात्र पेट्यांत आणि माळ्यांवर पडून आहेत. वाडे तर रोज पडताहेत.

आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचं वस्तुसंग्रहालय आहे. तिथे एक कपाट 'युद्धकाळातलं नाशिक' म्हणून राखून ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रेशनकार्डं, खतावण्या, पलटणीतून आलेली पत्रं, बायकांच्या खर्चाच्या वह्या, जे मिळेल ते घ्यावं. मूळ कागद द्यायला कुणाचं मन होत नसेल तर स्कॅन करून परत करावा. इतिहास शिकणारी मुलं हे काम आनंदाने करतील. १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवणारी आमची पिढीही सत्तरीला आली आहे; तिच्याशीही बोलून घ्यावं. आणि वाचकहो, दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा जुनी वही रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा.

माझ्याकडच्या दोन्ही वह्या मी सांगाल त्या दिवशी आणून देईन. संवत २००० च्या वहीची शेवटची अकरा पानं आजोबांनी मोडीत लिहिली आहेत, ती मला लागत नाहीत. मोडी वाचणारं कुणी भेटलं तर त्यांच्याशेजारी बसून ती ऐकायची आहेत.

आपला,
एक वाचक, जुने नाशिक