हत्तींच्या मेळाव्याला बाईकवर जाऊन आलो

प्रिय मित्रा,

फोनवर सगळं अर्धवट राहिलं म्हणून आता नीट लिहितो, चहा घेऊन बस. एलेफांटेनट्रेफनला, म्हणजे हत्तींच्या मेळाव्याला, जाऊन आलो रे! कॉलेजात असताना आपण ज्याचे फोटो बघत बसायचो तोच, भर थंडीतला बाईकवाल्यांचा मेळावा. १९५६ मध्ये एर्न्स्ट लेवरकुस या मोटरसायकल पत्रकाराने तो सुरू केला, तोही इथेच जर्मनीत श्टुटगार्टजवळ, त्सुंडाप केएस ६०१ या मोटरसायकलवाल्यांसाठी, त्या गाडीला लोक हिरवा हत्ती म्हणायचे म्हणून हे नाव. नंतर तो न्युर्बुर्गरिंगच्या रेसट्रॅकवर गेला आणि १९८९ पासून पार बव्हेरियाच्या जंगलात, चेक सीमेच्या अलीकडे टुर्मान्सबांग गावाजवळ भरतो.

माझी बाईक हिमालयन, ४११ सीसीची, ऑटोबानवर (इथल्या एक्सप्रेसवेवर) तिला पळवण्यात मजा नाही, म्हणून आलेन, नर्डलिंगेन करत डोनाउवर्थला आलो आणि तिथून डॅन्यूबच्या कडेकडेने रेगेन्सबुर्गपर्यंत. नर्डलिंगेन तुला दाखवायचंय, अख्खं गाव उल्केच्या विवरात वसलंय, आपलं लोणारच पण आत पाण्याऐवजी चर्च आणि घरं. थंडीचं काय सांगू, शून्य डिग्रीत ऐंशीच्या स्पीडने गेलं की अंगाला उणे दहासारखं लागतं, हीटेड ग्रिप्सने तळहात शेकतात पण बोटांची टोकं जातातच, मग दर तासाला पंपावर थांबायचं, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून उभं राहायचं आणि परत निघायचं. रस्त्यावर मीठ मारलेलं असतं, ते पुढच्या ट्रकच्या चाकातून उडून व्हायझरवर बसतं, ग्लोव्हने पुसलं की अजूनच पांढरं होतं, शेवटी पाण्याची बाटली जॅकेटच्या आत ठेवली, गोठू नये म्हणून, आणि व्हायझर धूत धूत गेलो.

शेवटचा टप्पा मात्र खरा. मुख्य रस्ता साफ होता पण झाडांच्या सावलीत बर्फ दाबून काचेसारखा झालेला, तिथे फर्स्ट गिअर, पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही, दोन्ही पाय खाली सोडून चालल्यासारखं जायचं. बाजूने साइडकारवाले चाकाला साखळ्या लावून आरामात पुढे जात होते, तीन चाकं म्हणजे पडायची भीतीच नाही.

जागा म्हणजे डोंगरातला मोठा खोलगट खड्डा, उतारांवर सगळीकडे तंबू, तंबूखाली पेंढा, आणि लाकडांचा धूर खाली साचून राहिलेला. पेंढा आणि लाकूड तिथेच विकत मिळतं. उराल, जुन्या एमझेड, घरी वेल्डिंग करून बनवलेल्या काय काय गाड्या, इटालियन तर ढीगभर. बाकी करण्यासारखं काही नाही आणि मला तेच फार आवडलं. आपल्याकडे मीट म्हटलं की स्टेज, डीजे, टी-शर्ट. इथे सगळ्यांना एकच काम, शेकोटी विझू द्यायची नाही. शेजारच्या तंबूतल्या एका काकांनी, बहुतेक सत्तरीचे असतील, मला न विचारताच बॅटरी काढायला लावली आणि स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप म्हणाले. रात्री उणे आठ. सकाळी आजूबाजूचे लोक इंजिनखाली निखारे ठेवून ऑइल गरम करत होते, आपली मात्र पहिल्या सेल्फला सुरू.

शनिवारी संध्याकाळी मशाली घेऊन निघतात, वर्षभरात गेलेल्या रायडर्सच्या आठवणीत. तिथे मला ताम्हिणीत गेलेला आपला मित्र आठवला. नाव लिहीत नाही, तुला कळलं. एक मशाल त्याच्यासाठी धरली आणि खूप रडलो, बाजूच्या माणसाने काही न बोलता खांद्यावर हात ठेवला. त्याच्या आईला फोन करून सांगू का रे? तूच ठरव, तू तिकडे जातोस ना अधूनमधून.

आता मुद्द्याचं. पुढच्या जानेवारीच्या शेवटी तू यायचंस, दोघं जाऊ. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा ऑगस्टमध्येच कागद काढ, सुट्टी पण आत्ताच टाक. इंटरनॅशनल लायसन्स आरटीओतून काढून ठेव. मी इथे साइडकारवाली गाडी भाड्याने बघतोय, जमलं तर बर्फात मी चालवतो, रेगेन्सबुर्गपर्यंत तू चालव. थर्मल तिकडून घेऊ नकोस, इथे चांगले मिळतात, फक्त छातीचं आणि बुटाचं माप कळव. आणि काकूंकडून बाकरवडी जास्त आण, त्या काकांना द्यायचीय.

तुझाच