सेप्सिसच्या बातमीतले उंदीर कुठे गेले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नॅनोतंत्रज्ञानामुळे (अतिसूक्ष्म कणांच्या तंत्रामुळे) सेप्सिसचे, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागतात त्या जीवघेण्या अवस्थेचे, निदान आणि उपचार दोन्ही सोपे होणार, अशा आशयाची बातमी आपल्या आरोग्य पुरवणीत वाचली. माझी नोकरी रक्ताच्या कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या) बाटल्या सांभाळण्यात गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

यातले निदानाचे काम खरोखरच पुढे गेले आहे. कल्चरमध्ये जंतू वाढून ओळखू येईपर्यंत एक ते तीन दिवस जातात. तोवर डॉक्टर अंदाजाने अँटिबायोटिक देतात; दुसरा इलाजही नसतो. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरल्यावर, योग्य औषधाला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी घटते, असे 2006 च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले होते. अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळालेली 'टी-टू बॅक्टेरिया' चाचणी कल्चरची वाट न पाहता थेट रक्तावर होते. जंतूचा डीएनए वाढवतात, लोहाचे चुंबकीय नॅनोकण त्याला चिकटून गोळा होतात आणि त्यामुळे भोवतालच्या पाण्याचा चुंबकीय संकेत बदलतो, तो यंत्र टिपते. तीन ते पाच तासांत उत्तर! आमच्या वेळी हे कोणी सांगितले असते तर हसलो असतो.

पण मान्यता मिळाली तेव्हा ही चाचणी पाचच जंतू ओळखत होती. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतील नवजात बाळांच्या सेप्सिसचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सर्वाधिक सापडलेला ॲसिनेटोबॅक्टर हा जंतू त्या पाचांत नव्हता. शिवाय जंतूचे नाव कळले तरी त्याला कोणते औषध लागू पडेल हे कळायला सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट लागतोच, म्हणजे पुन्हा कल्चर आले.

उपचारांबाबत मात्र बातमी फारच पुढे धावली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'वीस' (Wyss) या संशोधन संस्थेने 2014 मध्ये चुंबकीय नॅनोकणांनी रक्तातले जंतू ओढून काढून दाखवले, ते उंदरांच्या रक्तातून. कॅलिफोर्नियात 2017 मध्ये पांढऱ्या पेशींचे आवरण चढवलेल्या नॅनोकणांनी जंतूंचे विष शोषून घेतले, तेही उंदरांतच. बातमीत उंदरांचा उल्लेखच नाही, सगळीकडे 'रुग्ण'.

माणसांवर आणि यंत्राविना काय साधते, तेही पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या प्रयोगात गावातल्याच प्रशिक्षित महिलांनी लक्षणे ओळखून घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचे इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचे औषध दिले. नवजात बाळांच्या सेप्सिसमधला मृत्युदर 16.6 वरून 2.8 टक्क्यांवर आला. हे 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे.

नवी यंत्रे जरूर यावीत. मात्र अशी बातमी देताना प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, हे मथळ्यातच लिहावे. आणि जिल्हा रुग्णालयांत रात्री किंवा रविवारी दाखल झालेल्या रुग्णाचे कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घेतले जाते का, याची चौकशी आपल्या वार्ताहरांनी एकदा करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर