धाब्याचं घर न पाडणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

"कापूस कुठं ठेवता?" हा तुमचा पहिला प्रश्न होता. तोवर आमचं जुनं घर नवं करून द्यायला म्हणून जे जे बघायला आले, त्यांनी टीव्हीची भिंत कोणती आणि पीओपी करायचं का, एवढंच विचारलं होतं. आमच्या यवतमाळकडे कोरडवाहू शेतकऱ्याचा कापूस दिवाळीनंतर भावाची वाट बघत माजघरात पडून राहतो. लेकरं त्याच खोलीत अभ्यास करतात, तिथंच झोपतात आणि रात्रभर अंग खाजवतात. हे तुम्हाला ठाऊक होतं. माझा विश्वास तिथंच बसला.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. गावात घर नवं करायचं म्हटलं की जुनं पाडायचं, असंच धरून चालतात. आम्हीही आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर घेऊन त्याच वाटेवर होतो.

तुम्ही कागद काढण्याआधी घरातल्या एकेकाजवळ बसलात. आजेसासूबाई म्हणाल्या, "मले उभ्यानं भाकर जमत नाई वो पोरी." म्हणून स्वयंपाकघरात माझ्यासाठी उंच ओटा झाला आणि त्यांच्यासाठी खिडकीखाली बुटका, गॅसची शेगडी मावेल असा. पाठ टेकायला भिंत, हाताशी पिठाचा डबा. पाहुण्यांना तो ओटा विचित्र वाटतो, मला मात्र घरातली सर्वांत सुंदर जागा वाटते. बाबांची खाट अशी लागली की पडल्या पडल्या कोठ्यातले बैल दिसतात. मुलीला सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात तिची स्वतःची दिवळी मिळाली, पुस्तकांची.

आणि तरीही घर तुकड्यातुकड्यांचं झालं नाही. देवघराची भिंत तुम्ही हळूच खरवडलीत. ऑइलपेंटच्या खाली चुन्यात कालवलेली नीळ निघाली, आजेसासूबाईंच्या लग्नाच्या वेळची. तीच निळाई तुम्ही दारांना दिलीत, कोनाड्यांच्या आत दिलीत, कपाटांच्या झडपांना दिलीत. बाकी भिंती पांढऱ्या, खाली काळी फरशी, आणि लाकूड म्हणाल तर सगळं घरचंच सागवान. पडक्या भागाच्या मयालींतून, म्हणजे जुन्या तुळयांतून, सुतारकाकांनी टेबल, फळ्या, खुंट्या काढल्या. जुन्या खिळ्यांची भोकं बुजवायची नाहीत, हे तुम्ही त्यांना बजावलंत. बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत कुठंही उभं राहा, एकाच घरात आहोत हे कळतं.

भिंतींसाठी तुम्ही आमच्याशी वाद घातलात, त्याचे आभार वेगळे. पाऊण हात जाडीच्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की आतली ओल बाहेर पडत नाही, मग पोपडे धरतात आणि आतली माती भुसभुशीत होते. तुम्ही चुना मुरवून घेतलात, वेळ लागू दिलात. वरचं धाबं गळतं म्हणून पाडायला निघालो होतो. तुम्ही ते दुरुस्त करून त्याच्यावर हवा खेळेल एवढी जागा सोडून पत्रे टाकलेत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा शेजारच्या स्लॅबच्या घरात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. आमच्या माजघरात दुपारी बाया निवांत तांदूळ निवडत बसतात.

आता कापूस. अंगणाकडे दार उघडणारी वेगळी खोली, स्वयंपाकघरापासून दूर. दिव्याचं बटण खोलीबाहेर, ठिणगीची भीती नको म्हणून. उंचावर जाळीचे झरोके, खाली ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्या. गाडी थेट दाराशी लागते, घरात सरकीचा कणही येत नाही. विक्रीला घाई करायची वेळ आता घरातल्या अडचणीमुळे येणार नाही. शेतकऱ्याच्या घराला याहून मोठी सजावट कोणती द्यायची?

ताई, यंदा सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या सुमारास या. शेजारच्या दोघांना तुमच्याशी बोलायचं आहे. दोघांचीही धाब्याची घरं आहेत, आणि एकानं पाडायला माणसं सांगून ठेवली होती, ती थांबवली आहेत. त्यांना थोडा वेळ द्या. मुक्काम आमच्याकडेच करा.

तुमची,
थोरली सून