पर्यावरणीय आरोग्य : आधी नमुना घ्यायला शिका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रवेशाचे दिवस आले की करिअरच्या पुरवण्यांमधून ‘पर्यावरण क्षेत्रातील संधी’ सांगणारे लेख येऊ लागतात. त्यांत वनसंवर्धन, हवामानबदल, कचरा व्यवस्थापन आणि पर्यावरणीय आरोग्य हे सगळे एकाच पिशवीत कोंबलेले असते आणि पात्रता म्हणून ‘निसर्गाची आवड’ दिलेली असते. आवड असू द्या. पण पर्यावरणीय आरोग्याच्या कामात झाडांपेक्षा बाटल्या, पंप आणि नोंदवह्याच जास्त हाताळाव्या लागतात, हे विद्यार्थ्यांना आधीच कळलेले बरे.

पर्यावरणाच्या इतर शाखांहून फरक एवढाच : पाण्यात काय मिसळले आहे यावर थांबून इथे भागत नाही. ते पाणी कोण पितो, दिवसाला किती आणि किती वर्षे, इथून पुढे काम सुरू होते. सीलबंद बाटलीतले आम्ल हा धोका खरा. पण कोणाचा त्याच्याशी संपर्कच येत नसेल, तर जोखीम नाही. धोका आणि जोखीम यांच्या मधला ‘संपर्क’ मोजणे हाच या पेशाचा गाभा. पिण्याचे पाणी, अन्नसुरक्षा, कामाच्या ठिकाणची हवा आणि आवाज, डास-उंदीर, सांडपाणी, किरणोत्सार या साऱ्या त्याच्याच शाखा. वैद्यकीय पदवी लागत नाही. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि गणित यांचा पाया पक्का हवा. त्यावर साथरोगशास्त्र, विषशास्त्र आणि संख्याशास्त्र.

आता एक साधे काम जवळून पाहू. नळाच्या पाण्याचा जीवाणू तपासणीसाठी नमुना घ्यायचा आहे. तोटीला लावलेली रबरी नळी किंवा जाळी काढावी, तोटी पुसून घ्यावी, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे. मग तोटी बंद करून धातूची असल्यास ज्योतीने, प्लॅस्टिकची असल्यास स्पिरिटने निर्जंतुक करावी आणि पुन्हा थोडे पाणी सोडावे. धार बारीक पण अखंड ठेवावी. बाटलीचे झाकण हातातच धरावे, आतल्या बाजूला बोट लावू नये, खाली तर ठेवूच नये. हलवून मिसळता यावे म्हणून वर बोटभर जागा सोडावी. बाटली विसळायची नाही! नवशिके इथेच हमखास चुकतात, कारण एरवी विसळणे म्हणजे स्वच्छता. पण क्लोरीनयुक्त पाण्यासाठीच्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते आणि विसळले की ते निघून जाते. मग पाण्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दूषित नमुनाही निर्दोष ठरतो. अहवाल छान येतो, लोक मात्र आजारी पडतात.

अवशिष्ट, म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेला, क्लोरीन जागेवरच, डीपीडी गोळीने (क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणाऱ्या) तपासायचा. प्रयोगशाळेत नेईपर्यंत तो उरतोच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर, पाण्याचा सामू (पीएच) ८ पेक्षा कमी असताना, तो लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम असावा आणि ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ उरावा. ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जीवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. नमुना बर्फाच्या पेटीत, न गोठवता, २४ तासांच्या आत तपासायला लागला पाहिजे. बाटलीवर जागा, तारीख, वेळ, घेणाऱ्याचे नाव आणि क्लोरीनचे वाचन नसेल, तर पुढचे सगळे कष्ट पाण्यात.

कारखान्यातल्या धुळीचे मोजमापही असेच बारकाव्याचे. पंप कामगाराच्या कमरेला, फिल्टरची डबी कॉलरला, म्हणजे नाकातोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत. भिंतीवर टांगलेला पंप भिंत काय श्वासात घेते ते सांगतो, माणूस काय घेतो ते नाही. फुप्फुसात खोल जाणारी धूळ मोजायची तर दहा मिलिमीटरचे नायलॉनचे सायक्लोन (मोठे कण बाजूला काढणारे छोटे उपकरण) मिनिटाला १.७ लिटरने चालवतात. आठ तासांत ८१६ लिटर हवा ओढली जाते, म्हणजे ०.८१६ घनमीटर. फिल्टरचे वजन ०.९ मिलिग्रॅमने वाढले, तर घनमीटरला १.१ मिलिग्रॅम धूळ. आता समजा, फिल्टर चोंदून प्रवाह १.४ वर आला. हवेचे आकारमान तर चुकलेच. शिवाय प्रवाह मंदावला की सायक्लोन मोठे कणही आत सोडते, त्यामुळे जे मोजायचे होते तेच बदलते. नुसत्या भागाकाराने ही चूक दुरुस्त होत नाही. म्हणून प्रवाह कामाआधी आणि कामानंतरही तपासायचा. दोन वाचनांत पाच टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर नमुना बाद. दिवसभराची मेहनत टाकून देताना जीव तुटतो, पण नाइलाज.

बंदिस्त टाकी किंवा गटारात उतरण्यापूर्वीची वायूतपासणी तर जिवाशीच गाठ. आधी ऑक्सिजन (१९.५ ते २३.५ टक्के), मग ज्वलनशील वायू, मग विषारी. हा क्रम उगाच नाही : ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर ऑक्सिजन कमी असला की चुकीचे वाचन देतो. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजावे. नळी लावली असेल, तर खालची हवा वर येईपर्यंत थांबावे. ‘वास नाही, उतरा’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाला कळेनासा होतो. आत पडलेल्याला काढायला साधनांशिवाय धावणाराही अनेकदा तिथेच कोसळतो.

डॉक्टर जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढला गेला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली जाते. (साथ तोवर ओसरू लागली होती, हे सहसा सांगत नाहीत.) आम्हाला त्यातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. स्नो अपवादांच्या मागे लागले. पंपाजवळच्याच बिअरच्या कारखान्यातले कामगार का वाचले? ते तिथली बिअर पीत आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा का दगावली? तिला त्याच पंपाचे पाणी आवडे, म्हणून ते मुद्दाम नेले जाई. आकडेवारी शिकताना संगणकाआधी ही खोड लागली पाहिजे.

संगणकावरचीही एक चूक सांगतो. अहवालात ‘शोधमर्यादेखाली’ असा शेरा आला की अनेक जण रकान्यात सरळ शून्य भरतात. उपकरणाला दिसले नाही, याचा अर्थ पदार्थ नव्हताच असा होत नाही. अशा नोंदी निम्म्याहून जास्त असतील, तर सरासरी काढण्यात फारसा अर्थ उरत नाही.

संस्था निवडताना जाहिरातीतल्या इमारतीपेक्षा वेळापत्रक पाहावे : प्रत्यक्ष क्षेत्रकामाचे तास किती, नमुना विद्यार्थी स्वतः घेतो की घेतलेला पाहतो, अहवाल लिहून घेतात का. प्रयोगशाळा दाखवायची विनंती करावी. तिथल्या पंपावर, ध्वनिमापकावर आणि तराजूवर कॅलिब्रेशनची (उपकरण अचूक मोजते का, याच्या तपासणीची) चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावरची तारीख वाचावी. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल किंवा चिठ्ठीच नसेल, तर प्रवेश अर्ज भरण्याआधी दुसरी संस्थाही पाहून यावी.

आपले,
पर्यावरणीय आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही वाचक