बाळ्याला पत्र

इंदूर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीला तुझा मेसेज आला आणि मी दोन हात जोडलेले पाठवून मोकळा झालो. त्याबद्दलच्या शिव्या नंतर दे, आधी वाच. फोनवर हे सांगता येणार नाही म्हणून बारक्याच्या वहीतले कागद फाडून बसलोय. तब्येत ठीक. साखर वर आहे, गोळी चालू आहे. संपलं.

आज बारक्याच्या बॉक्सिंगच्या निवड चाचण्या होत्या, इथंच, गावात. 50 किलो वजनी गट. आपलं 48 पुरुषांत आता राहिलंच नाही, तुला माहीत असेल. आधी 49 झालं, रिओनंतर ते ऑलिंपिकमधून गेलंच. टोकियोला 52, पॅरिसला 51. आणि आता लॉस एंजेलिसला सगळ्यांत हलका गट 55! म्हणजे तू आणि मी माणसांत जमाच नाही. जागतिक स्पर्धेत 50 ठेवलाय, त्याच फांदीला आमचे चिरंजीव लटकलेत.

मी म्हणतो, अंगात भर, 55 ला जा. तो म्हणतो, तिथं 59 चे उतरून येतात, मी काय त्यांच्या बरगड्याच मोजू? उंची माझ्यावर गेलीय, त्यामुळे हा दोषही माझाच. त्याची आई रोज ऐकवते.

मग आपल्या बॉक्सर अमित पंघालची पोथी निघते. मी सांगतो, 2018 ला जाकार्ताच्या आशियाई खेळांत 49 मध्ये रिओच्या विजेत्याला, दुस्मातोवला, 3-2 ने पाडून सुवर्ण घेतलं आणि पुढच्याच वर्षी 52 मध्ये जागतिक रौप्य. वाढवलं वजन, काय बिघडलं? बारक्या म्हणतो, ‘आणि टोकियोला? पहिल्याच लढतीत गेला.’ हरवणारा कोलंबियाचा मार्तिनेझ, रिओला 49 मध्येच रौप्य मिळवलेला. दोघंही वर ढकललेले. मी मग दुस्मातोव काढतो, की बघ, पॅरिसला 51 मध्ये पुन्हा सुवर्ण. त्यावर कार्टं म्हणतं, ‘त्याच्यासाठी 51 तरी होतं, बाबा.’

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आठवडाभर घरात पोहे बंद. इंदुरात, बाळ्या! सराफ्यात गराडू, ते तळलेले कंद, सुरू झालेत आणि आमच्याकडे उकडलेली दुधी. परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर बाथरूमच्या दाराखालून वाफ. आत गीझरचं पाणी सोडून हा बसलेला, अंगात निळा रेनकोट. तोच, तुझा. माळ्यावरून काढलान. तोंडात चिंच आणि हातात बाटली, थुंकायला. मी हे त्याला शिकवलेलं नाही रे. नुसत्या गोष्टी सांगितल्या होत्या, हसत हसत. जबलपूरच्या फलाटावर तू रेनकोट घालून दोरी मारत होतास आणि नर्मदा एक्स्प्रेसच्या खिडक्यांतून लोक विचारत होते, ‘भिया, पागल हो गया क्या?’ मग तिथंच न्हाव्याकडून गोटा करून घेतलास, केसांचं वजन जावं म्हणून. बारक्या या गोष्टीवर लहानपणापासून हसतोय.

व्यावसायिकांचं बरं असतं, आदल्या दिवशी वजनाचा काटा, रात्रभर खा-प्या. आपल्यात सकाळी काटा आणि तीन-चार तासांत रिंगणात. एक लिटर घाम म्हणजे एक किलो. पन्नास किलोच्या पोरातून तो काढायचा आणि दोन केळी देऊन म्हणायचं, जा, नऊ मिनिटं मारामारी कर.

तर आजची सकाळ. काट्यावर 50.1. हल्ली लाल आकडे येतात, आपल्यासारखी दांडी नाही. चड्डीही काढली, मी पुढून टॉवेल धरला. पुन्हा 50.1. वजनवाले साहेब रजिस्टरमध्ये त्याचा नंबर शोधायला वाकले. बारक्या माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, ‘बाबा, कोपर.’

बाळ्या, बोट गेलं. मी विचारसुद्धा केला नाही. टॉवेलच्या आडून त्याच्या कोपराखाली तर्जनी टेकवली. चामडी गरम आणि कोरडी होती, कागदासारखी. आकडा 50.0 झाला, साहेबांनी मान वर केली, लिहिलं.

आता तुला हे का सांगतोय ते कळलं असेल.

बिलासपूरला तूही हेच म्हणाला होतास. दांडी वर चिकटलेली, शंभर ग्रॅमचा प्रश्न, टॉवेल माझ्या हातात. ‘कोपराखाली बोट लाव.’ मी लावलं नाही. तीस वर्षं मी सांगत आलो की साहेब बघत होते. तू म्हणत आलास की उलट मी टॉवेल तुझ्या खांद्यावर टेकवला. टॉवेलचं खोटं आहे, आईशप्पथ. पण साहेब बघत नव्हते. ते चहा ओतत होते, बशीत. मला ती बशी अजून दिसते. तू बाद झालास की 48 मध्ये मी एकटाच उरणार होतो, एवढं गणित मला येत होतं. पुढचं प्रमाणपत्र, खेळाच्या कोट्यातली नोकरी, हे घर, सगळं तुला ठाऊकच आहे. त्याच वर्षी आपल्या 48 मधल्या बिरजू साहला हिरोशिमाच्या आशियाई खेळांत कांस्य मिळालं आणि पेपरातला फोटो तू माझ्या खोलीत चिकटवलास, तेव्हा मी तुला रबडी चारली होती. ती कशाची होती ते आज सांगतोय.

बारक्या जिंकला. दुसऱ्या फेरीत पंचांनी आठ आकडे मोजले, पाय लाकडाचे झाले होते, तिसरीत समोरचाच थकला म्हणून वाचला. खाली उतरल्यावर त्याला ओकारी आली, पाण्याचीच. मग माझ्या गळ्यात पडून म्हणाला, ‘बाळूकाकांना सांगा.’ घरी सगळे खूश. पुढच्या महिन्यात राज्याच्या चाचण्या, म्हणजे पुन्हा काटा, पुन्हा मी मागे. बोट लावलं तर पोर मरेल एखाद दिवशी. नाही लावलं तर त्याच्याही तोंडाकडे तीस वर्षं बघावं लागेल. 55 चं नाव काढलं की जेवण सोडतो, आणि ते तर त्याला हवंच आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? बेबीची बंगळूरची नोकरी पक्की झाली असं ताईकडून कळलं, छान. पुण्यात थंडी पडली का? माझी सायकल तू 40 रुपयांना विकलीस ते मात्र मी माफ केलेलं नाही, ते वेगळं खातं आहे.

लिही. पोस्टकार्डावर नको, आमचा पोस्टमन वाचतो. आणि रेनकोट मी उचलून कपाटात कुलपात ठेवलाय, तुझा आहे, काय करायचं ते कळव.

तुझा,
पक्या